‘किती देते?’ हा प्रश्न कंजूषपणाचा नाही

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला नातेवाइकांच्या, गावाकडच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या अशा सगळ्या ग्रुपांवर वाचायला मिळाला. सार असं: आपल्या माणसाला छोटी गाडी नीट निवडता येत नाही. तो मायलेज ‘किती देते?’ एवढंच विचारतो. जिवापेक्षा त्याला रिसेल मोठी, म्हणून धडकेच्या चाचणीत पाचपैकी शून्य स्टार मिळालेल्या गाड्या खपतात. शेजाऱ्यानं घेतली तीच गाडी घेतो, रंग बायको ठरवते. स्वस्तातली नॅनो आणली तर ती नाकारली, कारण गाडी मिरवायला हवी असते. शेवटी सल्ला: नव्या पत्र्याच्या डब्यापेक्षा त्याच पैशात जुनी, जाड पत्र्याची मोठी गाडी घ्या.

मी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वाहनकर्जाचं काम बघतो. चौदा वर्षं झाली. कोटेशन, पगारपत्रक आणि जामीनदार घेऊन समोर बसलेल्या माणसाला ‘हीच गाडी का?’ हे मला विचारावंच लागतं. त्या उत्तरांशी हा मजकूर जुळत नाही. आणि तो वाचून वाईट वाटतं, कारण ज्यांना त्यात अडाणी ठरवलंय त्यांचे घरचे हिशोब मी पाहिलेत.

‘किती देते?’पासून सुरू करतो. मागच्या वर्षी एक शिक्षक आले होते. शाळा पस्तीस किलोमीटरवर. जाऊन-येऊन सत्तर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे १,६८० किलोमीटर. पेट्रोल हिशोबाला सोपं म्हणून शंभर रुपये लिटर धरा. लिटरला वीस देणाऱ्या गाडीला महिन्याला ८,४०० रुपयांचं पेट्रोल लागतं, पंधरा देणारीला ११,२०० रुपयांचं. फरक २,८०० रुपये. पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बसतो साधारण १०,५००. हप्त्याच्या पाव हिश्शाहून जास्त रक्कम नुसत्या मायलेजच्या फरकात जाते, आणि हप्ता पाच वर्षांनी फिटतो, पेट्रोल कधीच फिटत नाही. सरांनी हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडून आणला होता. याला कंजूषपणा म्हणायचं असेल तर मग काटकसर कशाला म्हणायचं?

मायलेजचा आकडा मात्र लोक चुकीच्या जागेवरून उचलतात, हे मी स्वतः रोज पाहतो. माहितीपत्रकावरचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून, ठरावीक वेगाच्या तक्त्यानुसार काढलेला असतो. दोन गाड्या एकमेकींशी ताडून बघायला तो उत्तम. पण खंबाटकीचा चढ, चार माणसं आणि मे महिना त्या तक्त्यात नाही. आमच्याकडचे कर्जदार टाकी फुल्ल करून, परत फुल्ल करून जे मोजतात ते पत्रकापेक्षा चौथ्या-पाचव्या हिश्शानं कमी भरतं. हप्ता आणि पेट्रोल यांची बेरीज त्या आकड्यावर करावी.

दुसरं म्हणजे, वर्षाला चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त माणसानं मायलेजच्या मागे लागू नये. त्याच्या बाबतीत वीस आणि पंधराचा फरक वर्षाला सहा-सात हजारांचा. सीएनजीसाठी ऐंशी-नव्वद हजार जास्त मोजायचे, डिकीची बरीच जागा टाकीला द्यायची आणि दर तीन वर्षांनी त्या टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करायची, हे त्याला परवडत नाही. सरांना परवडतं. प्रश्न एकच, उत्तरं दोन, कारण रोजचं अंतर वेगळं.

आता शेजारी आणि रिसेल. मजकुरात हे दोन वेगळे दोष आहेत, प्रत्यक्षात ती एकच काळजी आहे: ही गाडी सात वर्षांनी माझ्या गावात चालू राहील का?

शेवरोलेची बीट आपल्या तळेगावात बनायची. दिसायला देखणी, चालवायला चांगली. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली; फिगो गेली. २०२२ मध्ये डॅटसन ब्रँड इथून उठला. गो आणि रेडी-गो गेल्या. या गाड्यांच्या एकाही ग्राहकानं अभ्यास कमी केला नव्हता. उलट माझ्या फायलींमधले हे लोक सर्वांत जास्त वाचून-बघून आलेले होते. कंपन्या सुट्या भागांची हमी देतात, ते मिळतातही. पण तालुक्याच्या मेकॅनिकला तो भाग जिल्ह्याहून मागवावा लागतो, गाडी चार-सहा दिवस उभी राहते आणि विकायला काढली की एजंट पहिल्याच वाक्यात भाव पाडतो.

हे ज्यानं पाहिलंय तो शेजाऱ्याला विचारणारच. क्लच किती किलोमीटरला गेला, सर्व्हिसिंगचं बिल किती आलं, पावसाळ्यात खालून घासते का, गॅरेजवाला हात लावतो का. या प्रश्नांची उत्तरं शोरूममध्ये मिळत नाहीत. ती सात वर्षं तीच गाडी वापरलेल्या माणसाकडे मिळतात, आणि तो सहसा शेजारीच असतो.

रिसेलबद्दल बोलायचं तर, घरात अचानक दवाखान्याचा खर्च निघाला की सोन्यानंतर नंबर गाडीचा लागतो. मी अशा किती गाड्यांवरचा कर्जाचा बोजा उतरवून दिलाय. सहा वर्षांची गाडी चार दिवसांत विकली जाणं ही त्या घराची गरज असते. विम्याच्या हिशोबातसुद्धा पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर आणतात. त्यात आणखी किती पडझड होणार, हे आधी विचारणारा माणूस जिवाचा शत्रू नाही.

रंगाचं आणि बायकोचं थोडक्यात संपवतो, कारण तो आक्षेप नाही, हिणवणं आहे. माझ्यासमोर बसलेल्या बायकांनी विचारलेले प्रश्न हे होते: सीट वर-खाली होते का, चढावर थांबल्यावर मागे सरकते का, सासूबाईंना गुडघे न वाकवता बसता येईल का, मागचं दार पुरेसं उघडतं का. उंच छपराच्या, उंच बैठकीच्या छोट्या गाड्या आपल्याकडे इतक्या का चालल्या, याचं उत्तर या शेवटच्या दोन प्रश्नांत आहे.

आता सुरक्षितता. इथे मजकूर लिहिणाऱ्याची कळकळ मला मान्य आहे. राग मात्र चुकीच्या माणसावर निघालाय.

जानेवारी २०१४ मध्ये गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळून पाहिल्या: ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. सर्वांत स्वस्त व्हेरिएंट घेतले होते, एअरबॅग नसलेले. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य स्टार. हीच पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळली तेव्हा चार स्टार मिळाले. मग त्या वेळी गिऱ्हाईक एअरबॅगवाली का घेत नव्हतं? तेव्हाची कोटेशनं काढून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) फक्त वरच्या व्हेरिएंटला मिळायचे. जीव वाचवणारी पिशवी हवी तर सोबत अलॉय व्हील, म्युझिक सिस्टीम आणि फॉग लॅम्पही विकत घ्यावे लागायचे. माझ्याकडच्या कितीतरी जणांची कर्जाची पात्रता तिथेच तोकडी पडली. ‘नको’ आणि ‘परवडली नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि विक्रीचे आकडे तो फरक दाखवत नाहीत.

कायदा उशिरा आला. एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये. ड्रायव्हरपुढची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये. ड्रायव्हरशेजारच्या माणसापुढची २०२१ मध्ये. त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांचा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि पर्याय आला तेव्हा लोकांनी काय केलं? डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. भारतात बनलेली ती पहिली पाच स्टारवाली गाडी. जानेवारी २०२० मध्ये टाटांच्याच अल्ट्रोझला, ऑक्टोबर २०२१ मध्ये पंचला. तेव्हापासून माझ्यासमोर बसलेला माणूस ‘स्टार किती?’ हे स्वतःहून विचारू लागला. २०२४ मध्ये देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी पंच होती, चार मीटरच्या आतली, पाच स्टारची. लोकांना सुरक्षितता नकोच असती तर हे घडलं नसतं. हो, त्याच काळात एक-दोन स्टारच्या गाड्याही भरपूर विकल्या गेल्या. वॅगन आरला २०२३ च्या चाचणीत एकच स्टार मिळाला आणि ती आजही आमच्याकडे खूप जाते. ज्या घराला तिच्याखेरीज दुसरी गाडी हप्त्यात बसते, त्याला मी ती दुसरी दाखवतो, आणि वेळ पडली तर वादही घालतो.

वाद घालायचा तर नीट माहितीवर घालावा. स्टार कुठल्या वर्षीचे, हे आधी पाहायचं. ग्लोबल एनकॅपनं जुलै २०२२ पासून चाचणी कडक केली, बाजूनं बसणारा धक्का आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता धरली. वॅगन आरला २०१९ मध्ये दोन स्टार होते ते याच कडक कसोटीत एकावर आले. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू झालं, पण ते ऐच्छिक आहे. कंपनी गाडी देईल तर चाचणी. दुसरं, एअरबॅगांची संख्या म्हणजे स्टार नव्हेत. २०२५ मध्ये ऑल्टो के-टेनपासून अनेक स्वस्त गाड्यांना सहा एअरबॅग सर्रास मिळू लागल्या, हे चांगलंच झालं. पण धडकेत गाडीचा सांगाडा टिकतो की आत दबतो, हे निराळं मोजलं जातं आणि अहवालात निराळं लिहिलेलं असतं. ती ओळ वाचायला दोन मिनिटं लागतात.

यावरूनच जाड पत्र्याकडे येतो, कारण मजकुरातला हा सल्ला खरोखर धोक्याचा आहे. बाहेरचा पत्रा दाबून पाहिला की गाडीची ताकद कळते, हा समज चुकीचा आहे. जीव वाचवतो तो आतला सांगाडा, खांब आणि पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळण्याची रचना. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं २००९ मध्ये १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या. लांबलचक, भरभक्कम दिसणाऱ्या बेल एअरची ड्रायव्हरची जागा पार चेपली गेली. नव्या गाडीतली जवळपास शाबूत राहिली. मोठ्या गाडीचं वजन धडकेत उपयोगी पडतं हे खरं, पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मोठ्या गाडीत, विशेषतः खालच्या व्हेरिएंटला, एअरबॅग असेलच असं नाही. आणि मोठ्या गाडीतही पट्टा लावावाच लागतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी महागडी आणि भक्कम होती. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते गेले. माझ्याकडे गाडी घेणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगतो, मुलं समोर असतील तर मुद्दाम.

पैशाच्या बाजूनंही जुनी मोठी गाडी फसवी आहे. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ चे दर बघा: हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजारापर्यंत ३,४१६, त्याच्यावर ७,८९७. टायर, ब्रेक, एसीचा कॉम्प्रेसर, सगळं त्याच चढत्या भाजणीनं. जुन्या गाडीला कर्ज कमी मुदतीचं आणि जास्त व्याजाचं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी २८ आणि वर सेस होता. विकत घेताना स्वस्त वाटलेली मोठी गाडी दुसऱ्या वर्षी दारात उभीच दिसते, कारण टायरला पैसे नसतात.

राहिली नॅनो. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत ती लोकांसमोर आली, २००९ मध्ये रस्त्यावर. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला भोवला, हे खुद्द रतन टाटांनी नंतर मान्य केलं, त्यामुळे प्रतिष्ठेचा मुद्दा मी खोडत नाही. पण तेवढंच कारण सांगणं अपुरं आहे. सर्वांत स्वस्त नॅनोत एसी नव्हता, पॉवर स्टिअरिंग नव्हतं, मागचं दार उघडत नव्हतं, टाकी पंधरा लिटरची. सुरुवातीला काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. किंमत पुढे वाढत गेली, आणि ऑन-रोड आकडा बघून लोक म्हणायचे, एवढ्यात वापरलेली ऑल्टो मिळते. तिला सगळे गॅरेजवाले ओळखतात. ही तुलना करणारा माणूस मिरवायला निघालेला नव्हता. शिवाय पहिल्या मुद्द्यात ज्याला कंजूष म्हटलं, त्यालाच पाचव्या मुद्द्यात दिखाऊ म्हणायचं, हे एका माणसाचं वर्णन होऊ शकत नाही.

दुचाकीवर पावसात भिजत जाणारं चौघांचं कुटुंब पाहून नॅनोची कल्पना सुचली, असं टाटा सांगत. ते कुटुंब माझ्याकडे अजून येतं. गेल्या जूनमध्ये असंच एक जोडपं आलं. तो एमआयडीसीत फिटर, ती अंगणवाडी सेविका, दोन मुलं, आठ वर्षांची दुचाकी. बजेट साडेतीन लाख. नवी बसत नव्हती. पाच वर्षांची टियागो बघून आले होते, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेऊन. तिनं पिशवीतून चार घडी घातलेला कागद काढला. त्यावर तीन गाड्या, त्यांचे किलोमीटर, विम्याची तारीख, टायरची स्थिती आणि शेवटच्या रकान्यात स्टार लिहिले होते. मी कर्जाची फाईल त्याच दिवशी वर पाठवली.