खुलासा : स्टालिनग्राडला रुमानियन सैन्य ‘न लढताच पळाले’?

‘रुमानियाची तिसरी आर्मी न लढताच पळाली, म्हणून जर्मनांची सहावी आर्मी वेढ्यात सापडली’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत हल्ला झाला तेव्हा जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या, जनरल पेत्रे दुमित्रेस्कू यांच्या या आर्मीकडे डॉन नदीकाठची सुमारे १४० किलोमीटरची आघाडी होती. नदीच्या अलीकडे सेराफिमोविच आणि क्लेत्स्कायाजवळ शत्रूने आधीच पाय रोवले होते. ते ठाणे उठवू द्या, असे दुमित्रेस्कू यांनी सुचवले होते. पण जर्मन वरिष्ठांनी मनावर घेतले नाही. रणगाडे अडवायला मुख्यतः घोड्यांनी ओढायच्या ३७ मिलिमीटरच्या तोफा! सोव्हिएतांच्या टी-३४ रणगाड्यांपुढे त्यांचा काय पाड लागणार? मोठ्या, ७५ मिलिमीटरच्या तोफा डिव्हिजनमागे जेमतेम सहा.

काही तुकड्या घाबरून पांगल्या, हे खरेच. पण जनरल मिहाइल लास्कर यांचा गट वेढ्यात सापडूनही काही दिवस झुंजला. जर्मनीचे ‘ओकची पाने’ हे उच्च शौर्यपदक मिळालेले लास्कर हे पहिले बिगरजर्मन. पळपुट्यांच्या सेनानीला हिटलर पदक कशाला देईल?