एक डॉलर परत देणार कोण? काकाजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकाजी,

स्टेबलकॉइन म्हणजे ज्याचा भाव कायम एका डॉलरवर राहावा म्हणून काढलेलं क्रिप्टो नाणं. त्याच्या प्रकारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "'स्टेबल' हा शब्दच धूळफेक आहे. २०२२ मध्ये माझ्या भाच्याचे साडेतीन लाख गेले. सगळे एकाच माळेचे मणी. त्यांचे प्रकार समजावून सांगणं म्हणजे पोरांना वाट दाखवणं. ज्या नागपुरात रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत देशाचं सोनं आहे, तिथं बसून तुम्ही या हवेतल्या डॉलरला 'बँकेत ठेवल्यासारखा' म्हणता?"

शेवटच्या वाक्याचं आधी बोलते, कारण तिथं मी चुकले. यूएसडीसी या स्टेबलकॉइनबद्दल मी 'बँकेत ठेवलेल्या डॉलरसारखा' असं लिहिलं होतं. मार्च २०२३ मध्ये काय झालं हे ठाऊक असताना तसं लिहायला नको होतं. यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीकडे त्या वेळी साधारण ४० अब्ज डॉलरचा साठा होता, रोख रक्कम आणि अमेरिकन सरकारचे अल्पमुदतीचे रोखे मिळून. त्यातले ३.३ अब्ज सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. १० मार्चला, शुक्रवारी, ती बँक बुडाली. शनिवार-रविवार बँका बंद, त्यामुळे कंपनीकडून डॉलर परत घेणंही अडलं, आणि शनिवारी यूएसडीसीचा भाव ८८ सेंटच्या खाली गेला. सगळ्या ठेवीदारांचे पैसे पूर्ण मिळतील असं अमेरिकी सरकारनं रविवारी संध्याकाळी जाहीर केलं, तेव्हा सोमवारी भाव जागेवर आला. मधल्या दोन दिवसांत ज्यांनी घाबरून विकलं त्यांचं नुकसान मात्र कुणी भरून दिलं नाही. आपल्या बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. यूएसडीसी हातात असलेल्या माणसाला तसा विमा नाही.

पण 'सगळे एकाच माळेचे मणी' हे मला मान्य नाही. उलट, ते तसे नाहीत हे वेळेवर कळलं असतं तर तुमच्या भाच्याचे पैसे वाचले असते असं मला मनापासून वाटतं. २०२२ म्हणताय, तर ते बहुधा टेरायूएसडी नावाचं स्टेबलकॉइन असावं. त्याच्यामागे डॉलर नव्हते. लुना नावाचं त्याच मंडळींनी काढलेलं दुसरं नाणं होतं आणि एक नियम होता: एक टेरायूएसडी द्या, एक डॉलर किमतीचं लुना घ्या. भाव ९८ सेंटवर घसरला की लोक स्वस्तात टेरायूएसडी घेणार, एक डॉलरचं लुना काढून विकणार, टेरायूएसडी बाजारातून कमी होणार आणि भाव परत वर जाणार, असा हिशोब. कागदावर तो जमतो. पण सगळेच एकदम दाराशी आले तर? मग लुना छापत सुटावं लागतं, छापलेलं लुना विकलं जातं, त्याचा भाव पडतो, आणि पुढच्या माणसाला एक डॉलर द्यायला आणखी जास्त लुना छापावं लागतं. मे २०२२ मध्ये नेमकं हेच झालं. महिन्याच्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास असलेलं लुना दोन आठवड्यांच्या आत पैशाच्याही मोलाचं उरलं नाही. सुमारे ३५ कोटी नाण्यांची साडेसहा लाख कोटी नाणी झाली.

आणि लोक त्यात गेले कशासाठी? अँकर नावाच्या ठिकाणी टेरायूएसडी ठेवलं की वर्षाला जवळपास २० टक्के व्याज मिळायचं. काकाजी, आपल्याकडे भिशीत कुणी असं व्याज देऊ लागला तर गल्लीतल्या बायका आधी विचारतील, हा पैसा आणतो कुठून? भाच्याला हे विचारायला कुणी सांगितलं नाही, कारण 'स्टेबल' या एका शब्दाखाली सगळं एकत्र विकलं जात होतं.

डाय नावाच्या स्टेबलकॉइनचं गणित वेगळं. इतवारीत सराफाकडे दागिना गहाण ठेवला तर लाखाच्या दागिन्यावर लाख मिळत नाहीत, साठ-सत्तर हजार मिळतात, म्हणजे सोनं उतरलं तरी सराफ बुडत नाही. डाय तसंच निघालं: दीडशे डॉलरचं इथर (हे भाव वरखाली होणारं क्रिप्टो नाणं) अडकवा, फार तर शंभर डाय उचला. इथर पडलं की गहाण आपोआप लिलावात. मार्च २०२० मध्ये इथर एका दिवसात इतकं कोसळलं की काही लिलावांत गहाण ठेवलेलं इथर जवळजवळ फुकटात विकलं गेलं. तिथंही धोका आहेच, पण गहाण काय ठेवलंय ते कुणालाही तपासता येतं.

आता यूएसडीटी, म्हणजे टेदर. आपल्याकडची पोरं सगळ्यात जास्त हेच घेतात. त्यामागे साठा आहे असं कंपनी सांगते, पण २०२१ मध्ये अमेरिकेच्या वायदे बाजार आयोगानं त्यांना ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला. २०१६ ते २०१८ मधल्या २६ महिन्यांच्या तपासणीत पुरेसे डॉलर हाताशी असलेले दिवस फक्त २७.६ टक्के निघाले होते. त्यानंतर साठ्याची माहिती ते नियमानं देऊ लागले. पण माझ्या लेखात राहून गेलेली, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. कंपनीकडून थेट डॉलर परत घ्यायचे तर किमान एक लाख डॉलरचा व्यवहार लागतो. नोटेवर गव्हर्नरची सही आणि धारकाला दिलेलं वचन असतं. यूएसडीटीचं वचन तुमच्या-माझ्यासारख्याच्या हाती लागतच नाही. आपल्याला ते विकायचं असतं दुसऱ्या कुणाला तरी.

तो दुसरा कोण, हे मी जवळून पाहिलंय. मागच्या उन्हाळ्यात हिंगणा एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन बसला. त्यानं पीटूपीवर, म्हणजे अनोळखी माणसानं दुसऱ्याला थेट विकायच्या ऑनलाइन बाजारात, चाळीस हजारांचे यूएसडीटी विकले होते, पैसेही लगेच जमा झाले होते. तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर यूपीआय चालेना. मोबाईल माझ्यापुढे धरून तो दाखवत होता: वर पूर्ण शिल्लक, खाली 'वापरता येणारी शिल्लक' शून्य. घेणाऱ्यानं पाठवलेला पैसा परराज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीतला होता आणि तिथल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेनं खातं गोठवलं होतं. त्या मुलाचा डॉलर एका सेंटनंही हलला नव्हता. घरभाडं मात्र थकलं.

कराचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण रोज तेच काम करते. २०२२ पासून या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, आणि तोटा कशातूनही वजा होत नाही, दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही नाही. 'स्टेबल' म्हणून यातून सूट नाही. अमेरिकेनं जुलै २०२५ मध्ये कायदा करून एकास एक साठा आणि दर महिन्याला त्याचा जाहीर हिशोब सक्तीचा केला. आपल्याकडे साठ्याबद्दल असा कायदा नाही, कर मात्र आहे.

वाट दाखवण्याबद्दल म्हणाल, तर पोरं त्या वाटेवर आधीच आहेत. बर्डीवरच्या चहाच्या टपरीवर यूएसडीटीचा भाव विचारणारी मुलं मी स्वतः ऐकली आहेत. त्यांना 'हे सगळं हवेतलं' म्हटलं की ती मान डोलावतात आणि घेतातच. 'मागे काय ठेवलंय आणि तुला परत देणार कोण' असं विचारलं की निदान थांबतात.

मूळ लेखातलं ते बँकेचं वाक्य मी आज काढलं आहे आणि तिथं मार्च २०२३ ची हकीकत व एक लाख डॉलरची अट घातली आहे. भाच्याकडचं नाणं नेमकं कोणतं होतं आणि त्या वर्षीचं विवरणपत्र कसं भरलं, तेवढं त्याला विचारून कळवाल का? तोटा वजा होणार नाही, पण त्याच्या विक्रीवर १ टक्का कापला गेला असेल तर तो २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करकपातीच्या पत्रकात दिसेल, आणि ती रक्कम त्याची आहे.