बॉडी लोखंडाची म्हणून अर्थिंग पक्कं?

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्यातला सल्ला थोडक्यात असा: गाडीचे लाइट मंद झाले की बॅटरी नाहीतर अल्टरनेटर बदला. अर्थिंग (दिव्यातला करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परतायची वाट) तपासत बसू नका, सगळी बॉडीच लोखंडाची आहे. शंका असेल तर मल्टिमीटरचा बीप ऐका, जोड अखंड असला की वाजतो तो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागला तर कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा लाइट-इंडिकेटरचा दांडा) गेला. उजेड कमीच वाटला तर 100/90 वॅटचे बल्ब टाका.

आपल्या नाशिकची कितीतरी माणसं पावसाळ्यात रात्री कसारा घाट उतरतात. त्यांच्यापैकी कुणी यावर विसंबून राहू नये, म्हणून हे लिहितोय.

पहिलं लोखंडाचं. बॉडी लोखंडाची आहे हे खरं, पण दिवा काही थेट बॉडीला चिकटलेला नसतो. दिव्याचं घर प्लॅस्टिकचं, बंपर प्लॅस्टिकचा. बल्बमधून आलेला करंट एका वायरीतून, बहुतेक गाड्यांत काळ्या, एका थिंबलपर्यंत (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीपर्यंत) जातो आणि ते थिंबल बोल्टखाली बॉडीवर आवळलेलं असतं. त्याच्याखाली पाणी गेलं, गंज चढला की वाट अडली. डेंटिंग-पेंटिंग करताना तिथे रंग बसला आणि त्यावरच बोल्ट आवळला, तरी तेच. इंजिन तर रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला अर्थची वेगळी जाड पट्टी द्यावी लागते. नुसत्या लोखंडाने भागलं असतं तर ही पट्टी कंपन्यांनी लावलीच नसती.

बॅटरीचं म्हणाल, तर एकच हेडलाइट मंद असेल तेव्हा तिच्यावर संशय घेऊच नका. दोन्ही दिव्यांना बॅटरी एकच आहे. 55 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 4.6 अँपिअर ओढतो. अर्थच्या जोडात फक्त 0.2 ओहमचा अडथळा आला तर जवळजवळ 0.9 व्होल्ट तिथेच खर्च होतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. एवढ्यानेच पाचवा हिस्सा उजेड जातो.

हा 0.2 ओहम बीपमध्ये सापडत नाही. बीप तपासताना मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी तो खुशाल वाजतो. तपासायचं ते दिवा लावूनच. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन बल्बच्या अर्थच्या टोकाला. कनेक्टर काढायचा नाही, मागच्या बाजूने पिन घालायची. 0.1-0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष अर्थच्या वाटेवर आहे.

आता ब्रेक आणि इंडिकेटर. हे मी स्वतः भोगलंय. मुंबई नाक्याच्या सिग्नलला एक दुचाकीवाला शेजारी येऊन म्हणाला, “दादा, ब्रेक मारला की तुमचा डावा इंडिकेटर मिणमिणतो.” एका गॅरेजमध्ये मलाही कॉम्बिनेशन स्विचच सांगितला होता. घरी येऊन डिकीतलं डावं अस्तर सोडवलं. मागच्या दिव्याचं थिंबल हिरवट पांढऱ्या भुकटीने भरलं होतं, हात लावला तर बोल्टखाली हलत होतं.

घडत होतं ते असं. मागच्या दिव्यात ब्रेक, टेल, इंडिकेटर सगळ्यांचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बाहेर पडायला वाट नाही. मग तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो, त्याच्या वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथल्या अर्थने बाहेर पडतो. तीन बल्ब एका रांगेत आल्यामुळे कुणालाच पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. इंडिकेटर नको असताना मिणमिणतो आणि ब्रेक लाइट, जो मागच्याला दिसायलाच हवा, तो विझल्यातच जमा. माझा जीव चरकला तो या दुसऱ्या गोष्टीने. दहाचा पाना, पॉलिश पेपर, वरून थोडं व्हॅसलीन. वीस मिनिटांत काम झालं. स्विच आजही जुनाच आहे.

100/90 चे बल्ब तर लावूच नका. करंट दीडपटीहून जास्त, म्हणजे खराब जोड आणखी तापणार. कनेक्टर वितळलेले मी पाहिलेत.

मीटर नसेल तरी अडत नाही. एक जाडसर वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला पक्कं लावा. दिवा लावून दुसरं टोक बल्बच्या अर्थच्या टोकाला टेकवा, चुकूनही पॉझिटिव्हला नाही. उजेड एकदम वाढला, तर बॅटरी विकत घ्यायला निघू नका, पाना घेऊन त्या दिव्याचा अर्थचा बोल्ट शोधा.