पाल्य पोचते केल्याची पावती

पालकहो, मूल जन्माला घातले म्हणजे त्याला शिकवण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते, असा एक गैरसमज हल्ली काही घरांत डोके वर काढू लागला आहे. कोल्हापूरकरांनी वेळीच सावध व्हावे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि जो पालक मुलाला शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा पालक अडाणी, म्हणून दंड चुकवण्यासाठी तो मुलाला शाळेत पाठवू लागला. आपण शिकलेले लोक. जबाबदारी टाळल्याचा दंड आपण जूनमध्येच, फी या नावाने, आगाऊ भरतो आणि वर पावतीही घेतो. ती पावती जपून ठेवावी. पाचवीतल्या मुलाला धड वाचता येत नाही असे कधी ध्यानात आलेच, तर शाळेत जाऊन भांडायला तीच उपयोगी पडते.

मुलाचा दिवस असा आखावा की सकाळी व्हॅन, शाळेतून परस्पर क्लास, क्लासातून अबॅकस, आणि घरी येईल तेव्हा ते पेंगत असावे. जागे मूल प्रश्न विचारते. मध्यंतरी गंगावेशीत कट्ट्यावर समोरच म्हशीची धार काढून पेला हातात दिला, तेव्हा सात-आठ वर्षांच्या एका पोराने विचारले, "पप्पा, घरातल्या दुधाला एवढा फेस का येत न्हाई?" पप्पांनी मोबाइलवरून मान न काढता सांगितले, "गप पी. क्लासला उशीर व्हायलाय." या उत्तराला तोड नाही. पोराच्या ओठावर फेसाची मिशी होती आणि तो मुकाट्याने पीत होता.

याउलट आमच्या गल्लीतले एक जोडपे पाहा. हे दोघे मुलीला घरीच शिकवतात आणि हंगामात भर सोमवारी तिला गुऱ्हाळावर घेऊन जातात. रस उकळणाऱ्या मोठ्या कढईच्या, म्हणजे काहिलीच्या, धगीपासून चार हात लांब उभी राहून ती पोर, भेंडीचे पाणी घातल्यावर रसातली मळी कशी वर येते आणि गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी काय चाचपतो, हे वहीत उतरवत होती. त्या गुळव्याला तिने इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी तिच्या हातावर ऊन ऊन गूळ ठेवून सुटका करून घेतली. आमच्या चिरंजीवांना मिश्रण वेगळे करण्याच्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण आहेत. गूळ कशाचा होतो असे विचारले, तर तो किराणा दुकानात होतो.

अशा लोकांना कायद्याचा धाक दाखवावा. पालकाने सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करावे, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 10 सांगते. ते मोठ्याने वाचावे. याच वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईबापाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 51क मध्ये घातले आहे. ते मात्र मनातल्या मनात वाचावे, कारण तेथे आपले नाव आहे. दहावीचे काय, असा पेच टाकू नये, कारण शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यालय या दोन्हींची माहिती त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते. त्यापेक्षा मुलीला मित्रमैत्रिणी कशा मिळणार, याची काळजी व्यक्त करावी. फक्त त्या वेळी आपले पोर शेजारी एकटेच मोबाइल बघत बसलेले नसावे.

दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घराला मूल घरी शिकवणे झेपत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच 'शाळा सोडवू नका, पण रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसा' असे सुचवणारे अधिक धोकादायक, कारण त्यांना सबब सांगता येत नाही. मला स्वतःला पालकसभेत चिरंजीवांची तुकडी आठवली नव्हती. बाईंनी दोनदा विचारले, तेव्हा मी खिशातून फीची पावती काढली. तुकडी तिच्यावर छापलेली होती.

आता एकच ठिकाण सांभाळायचे राहते, ते म्हणजे दसरा चौक. तेथे गाडी थांबली की शाहू महाराजांचा पुतळा दिसतो आणि मागच्या सीटवरून एखादे दिवशी प्रश्न येतो, "पप्पा, तो रुपया आता कोण भरतं?" अशा वेळी आरशात पाहू नये. सिग्नल सुटताच गाडी पुढे काढावी.