हिटलर नोटांच्या पोत्यातून नाही आला, भाऊ

सध्या आमच्या लातूरकडं एक मेसेज लई फिरायलाय. नोटांच्या बंडलांचा मनोरा रचणाऱ्या पोरांचा काळापांढरा फोटो, आणि खाली लिहिलंय की जर्मनीनं जनतेला फुकट वाटायला नोटा छापल्या, महागाई भडकली, वैतागून लोकांनी हिटलरला निवडून दिलं, आता आपल्याकडं कर्जमाफी दिली की तेच होणार. फोटो खरा आहे, 1923 चाच. खालचा मजकूर मात्र जुळत नाही.

पहिलं, 'फुकट वाटायला'. कुणाला वाटलं? पहिलं महायुद्ध कर्ज काढून लढले, हरले, वरून युद्धाची भरपाई डोक्यावर बसली. ती थकली म्हणून जानेवारी 1923 ला फ्रान्स आणि बेल्जियमनं रूरचा कोळशाचा पट्टा ताब्यात घेतला, सरकार कामगारांना म्हणलं काम बंद ठेवा पगार आम्ही देतो, आणि तो पगार द्यायला छापखाने रात्रंदिवस चालवले. नोव्हेंबरपर्यंत एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क, म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन. यात पेन्शनवाले आणि बचतवाले पार धुपले, पण ज्या शेतकऱ्यावर जुनं कर्ज होतं त्यानं ते रद्दीच्या भावात फेडलं. म्हणजे कर्जमाफीनं महागाई आली नाही, महागाईनंच कुणी जाहीर न केलेली कर्जमाफी करून टाकली!

दुसरं म्हणजे तारखा. महागाई टोकाला असतानाच, नोव्हेंबर 1923 ला, हिटलरनं म्युनिकच्या बिअर हॉलमधून सत्ता घ्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडून तो मोडला, साहेब तुरुंगात. त्याच महिन्यात रेंटनमार्क हे नवं चलन आलं आणि भाव थांबले. मे 1928 च्या निवडणुकीत नाझींना, म्हणजे हिटलरच्या पक्षाला, मतं किती? 2.6 टक्के, जागा 12. महागाईनं हिटलर येणार होता तर पाच वर्षं कुठं अडकला होता?

खरी गोष्ट पुढं आहे आणि ती नेमकी उलटी आहे. जर्मनी अमेरिकेच्या कर्जावर सावरत होती, ऑक्टोबर 1929 ला न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, तिकडून पैसा परत मागायला लागले. 1931 च्या जुलैत डानाट ही मोठी बँक बसली, सगळ्याच बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. 1932 च्या सुरुवातीला बेकार 60 लाखांच्या वर. आणि चान्सलर (तिथला पंतप्रधानच म्हणा) ब्रूनिंग काय करत होते? नोटा छापत नव्हते, पगार कापत होते, बेकारभत्ता कापत होते, टॅक्स वाढवत होते, तेही संसदेला डावलून राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमानं. भाव वाढत नव्हते, पडत होते. नाझी 1930 ला 18.3 टक्के, जुलै 1932 ला 37.3.

आता शेतकऱ्याचं बघा, कारण मेसेज त्याच्याच नावानं फिरायलाय. श्लेस्विग-होल्स्टाइन हा उत्तरेकडचा शेती-गुरांचा मुलूख. 1923 नंतर नवं कर्ज महागड्या व्याजानं घेतलेलं आणि मालाला भाव नाही, सोयाबीन आडतीवर नेल्यावर आपलं तोंड कसं होतं तसंच. 1928 ला बाइडेनफ्लेथ गावात थकलेल्या टॅक्सपायी बैल ओढून न्यायला माणसं आली, तर गावकऱ्यांनी रस्त्यात जाळ करून बैल अडवले. सरकारनं यांच्यावर केसेस टाकल्या. या भागात नाझी 1928 ला 4 टक्के होते, जुलै 1932 ला 51. माफी मिळाली म्हणून नाही गेले तिकडं. शहरातले बेकार कामगार बरेचसे कम्युनिस्टांकडं वळले, हे पण मेसेजवाल्याला माहीत नसावं.

राहिलं 'निवडून दिलं'. नोव्हेंबर 1932 ला नाझींची मतं घटून 33.1 टक्क्यांवर आली होती, बहुमत कधी मिळालंच नव्हतं. माजी चान्सलर फॉन पापेन आणि मंडळींनी म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला पटवलं की हिटलरला चान्सलरची खुर्ची द्या, आपण आवरू, आणि 30 जानेवारी 1933 ला नेमणूक झाली. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तिघं होते. दोन महिन्यांच्या आत विरोधक कोठडीत आणि संसदेचे अधिकार हिटलरच्या हातात.

मेसेजमध्ये एक धागा खरा आहे, तेवढा मान्य. 1923 ला ज्यांची आयुष्यभराची पुंजी गेली त्यांचा सरकारवरचा विश्वास परत बसलाच नाही. पण त्याच महागाईची धास्ती घेऊन सरकारनं 1930 नंतर, लोक उपाशी असताना, हात आखडता ठेवला. कर्जमाफी नको म्हणायचं तर खुशाल म्हणा, राज्याच्या बजेटचे आकडे काढा, बसून भांडू. हा फोटो मात्र त्यात पुरावा म्हणून चालणार नाही.