कणीस चिवट होते ते मिठामुळे नव्हे

पावसाळा सुरू झाला की मक्याच्या कणसांविषयीचा एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. पाण्यात मीठ घालून कणसे उकडली तर दाणे चिवट होतात, म्हणून ती बिनमिठाच्या पाण्यात, उघड्या पातेल्यात, निदान अर्धा तास उकडावीत. कुकर लावू नये, कारण त्यात सगळे सत्त्व जळून जाते. स्वीट कॉर्न प्रयोगशाळेत जनुके बदलून तयार केलेले असल्यामुळे टाळावे. आणि कणीस खाल्ल्यावर तासभर पाणी पिऊ नये, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. या सूचनांत कणसाच्या वयाचा कुठेही उल्लेख नाही, आणि दाणा रसाळ लागणार की चिवट हे प्रामुख्याने त्यावरच ठरते.

मिठाचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सर्वांत जास्त पसरला आहे. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही हा अनेक घरांतला अनुभव खरा आहे. त्या पाण्यातील कॅल्शियम वनस्पतींच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, आणि पूर्वीच्या अशुद्ध मिठातही थोडे कॅल्शियम व मॅग्नेशियम असे, त्यामुळे मिठावर संशय आला असावा. परंतु शुद्ध मिठातील सोडियमचा परिणाम उलटा होतो: ते पेक्टिनमधील कॅल्शियमची जागा घेते आणि भाजी उलट थोडी लवकर मऊ पडते. शिवाय मका हे गवतवर्गीय पीक असून त्याच्या पेशीभित्तिकांत पेक्टिन मुळातच कमी असते, म्हणून चमचाभर मिठाने दाण्याचा पोत इकडेतिकडे होत नाही. मीठ न घालण्याचे कारण द्यायचेच असेल तर ते वेगळे आहे. अख्ख्या दाण्यावरच्या सालीतून थोड्या वेळात मीठ फारसे आत शिरत नाही. चव हवी असेल तर उकडलेल्या गरम कणसावर तूप आणि मग लिंबाच्या फोडीने मीठ-तिखट चोळणे अधिक उपयोगी पडते.

मग दाणा चिवट कशाने होतो? कणसाला केस फुटल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी दाणे दुधाळ असतात. त्यानंतर दररोज साखरेचे पिष्ट (स्टार्च) होत जाते, साल जाड होते आणि कणीस जून होते. कणीस तोडल्यावरही ही क्रिया थांबत नाही. जुन्या प्रकारच्या गोड मक्याची कणसे ३० अंश सेल्सिअस तापमानात राहिली तर एका दिवसात निम्म्याच्या आसपास साखर नाहीशी होते, आणि शून्य अंशाजवळ ठेवली तर ही घट अगदी थोडी असते. गाडीवर दिवसभर उन्हात पडलेले कणीस बेचव लागते त्याचे कारण हेच. म्हणून बाजारात कणीस निवडताना पाने हिरवी आणि घट्ट लपेटलेली आहेत का, केस टोकाला तपकिरी पण बुडाशी ओलसर आहेत का, हे पाहावे आणि पानांवरूनच दाणे भरलेले आहेत का ते चाचपावे. गावरान कणसाच्या दाण्याला नख लावल्यावर दूध आले तर ते योग्य वयाचे असते, काहीच आले नाही तर जून. अतिगोड स्वीट कॉर्नचा रस मात्र तयार झाल्यावरही पाण्यासारखाच दिसतो, त्यामुळे तिथे ही परीक्षा फसते. (विकत घेण्यापूर्वी दहा कणसे सोलून बघण्याची सवय विक्रेत्यावर अन्याय करणारी आहे, कारण सोललेले कणीस लगेच सुकू लागते.) घरी आणलेली कणसे पानांसकट फ्रिजमध्ये ठेवावीत आणि शक्यतो एक-दोन दिवसांत संपवावीत.

यावरून ‘निदान अर्धा तास’ या सूचनेतील चूक लक्षात येते: सर्व कणसांना एकच वेळ लागू पडत नाही. ताज्या स्वीट कॉर्नला उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे पुरेशी होतात. त्याहून फार जास्त वेळ ठेवल्यास गोडवा पाण्यात उतरतो आणि दाणे सुरकुततात. गावरान दुधाळ कणसाला वीस-पंचवीस मिनिटे किंवा कुकरच्या तीन-चार शिट्ट्या लागतात. जून कणीस तासभर उकडूनही कोवळे होत नाही. ते सरळ किसावे आणि त्याचा उपमा किंवा वडे करावेत.

कुकरमध्ये सत्त्व जळते हे विधान तर मोजमापाच्या विरुद्ध आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली स्वीट कॉर्न ११५ अंशांवर २५ मिनिटे शिजवून पाहिले, म्हणजे जवळजवळ कुकरमधल्या तापमानाला. ‘क’ जीवनसत्त्व २५ टक्क्यांनी घटले हे खरे, पण एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता ४४ टक्क्यांनी वाढली, कारण पेशीभित्तिकांना जखडलेले फेरुलिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट उष्णतेने मोकळे झाले.

स्वीट कॉर्नविषयीचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. भारतात लागवडीसाठी व्यापारी पातळीवर उपलब्ध असलेले जनुकीय बदल केलेले पीक कापूस हे एकच आहे, आणि त्याला २००२ साली मंजुरी मिळाली. गोड मका त्याच्या कितीतरी आधीचा आहे: अमेरिकेत इरोक्वा या मूळ रहिवासी लोकांकडून १७७९ साली गोऱ्या वसाहतकारांच्या हाती आल्याची नोंद आहे. आजचे अतिगोड वाण इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात ओळखलेल्या, निसर्गतः घडलेल्या बदलावर पारंपरिक संकराने उभे राहिले.

राहता राहिले पाणी. उकडलेल्या स्वीट कॉर्नच्या दाण्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते आणि त्याचे सूप आपण आनंदाने पितो, तेव्हा वरून घोटभर पाणी प्यायल्याने पोटात काही विपरीत घडण्याचे कारण नाही. कणीस खाऊन पोट दुखलेच तर बहुधा दाणे नीट न चावता भराभर गिळलेले असतात आणि सालीतील न पचणारा तंतुमय भाग त्रास देतो. पावसाळ्यात दूषित पाणी आणि दिवसभर उघडी राहिलेली लिंबाची फोड या शंका त्याहून अधिक रास्त आहेत. घरी उकडून उरलेली कणसे कोमट पाण्यात संध्याकाळपर्यंत ठेवू नयेत. दोन तासांच्या आत पाणी निथळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावीत आणि खाताना पुन्हा वाफवावीत.