कृष्ण कृष्ण, डी ड्राइव्ह

आषाढात आमच्या गुहागरकडच्या घरात रात्री काय काय वाजतं ते आईला पाठ आहे. पागोळ्या, बेडूक, मागच्या पडवीचं दार. त्यामुळे कॉम्प्युटरच्या टेबलाखालून ‘टक् टक्, टक् टक्’ आलं तेव्हा तिने जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. तिला वाटलं, पाल चुकचुकली. मी वाकून डब्याला कान लावला. हार्ड डिस्क होती. पाल परवडली असती.

डी ड्राइव्हवर सहा वर्षांचा आंबापेट्यांचा हिशेब होता, आणि अण्णांच्या साठीशांतीपासूनचे सगळे फोटो. हिशेबाची फाइल उघडायला आताशा पाच मिनिटं घ्यायची, आणि मग उघडायचीच नाही.

शेवटी मी कमांड लिहायची ती काळी खिडकी उघडली आणि डिस्क तपासायची विंडोजची कमांड टाइप केली : चेकडिस्क, डी, स्लॅश एफ. उत्तर आलं, तुम्हाला पुरेसे अधिकार नाहीत. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, तेव्हा हे ऐकायची सवय आहे. पण कॉम्प्युटर तरी मी एकट्याने घेतला होता! ॲडमिनिस्ट्रेटर होऊन पुन्हा शिरलो. आता म्हणे ड्राइव्ह वापरात आहे, जबरदस्तीने डिसमाउंट करू? खाली कॅपिटल अक्षरांत दम, की त्यातलं जे जे उघडं असेल ते ते तुटेल. मी आईकडे पाहिलं.

"सगळ्यांना उठव म्हणतोय ना? मग उठव. माणसं बसलेली असताना माजघर सारवता येतं का?"

वाय दाबला.

स्लॅश एफ हा तलाठ्यासारखा. कचेरीत बसून दप्तर तपासतो : कुठली फाइल कुठे, नावं जुळतात का, कुणाला कसली परवानगी. दप्तर जुळलं, पण टक् टक् थांबेना. प्रत्यक्ष बांधावर जाऊन जमीन बघायची तर स्लॅश आर लागतो. तो इंच न् इंच वाचत जातो आणि जिथलं वाचता येत नाही तिथे ‘इथे यापुढे काही ठेवू नये’ अशी नोंद करतो. बस्स. खराब जागा काही सुधारत नाही. याला दुरुस्ती म्हणायचं तर आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात लावलेली झाडाची फांदीही दुरुस्तीच.

तोही लावला. त्याचे पाच टप्पे. पहिले तीन चहा निवायच्या आत झाले. चौथा ११ टक्क्यांवर आला आणि तिथेच बसला. मी आंघोळ केली, जेवलो, वामकुक्षी झाली; ११ टक्के. शेजारचे तात्या डोकावून म्हणाले, "दमट हवेने झालं असणार. तांदळात घालून ठेव." संध्याकाळी वाऱ्याने कुठेतरी तारांवर माड आला, लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं केकाटला आणि त्यानेही डोळे मिटले.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो आधी तीन सेकंद गप्प बसला.

"मामा, मरायला टेकलेल्या डिस्कवर स्लॅश आर? म्हाताऱ्याला ताप आलाय आणि तू त्याला गोपाळगडाला प्रदक्षिणा घालायला लावलीस. आधी कॉपी काढायची. दुरुस्ती कॉपीवर."

मग नवी डिस्क, लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि खराब डिस्कची कॉपी काढणारी डीडीरेस्क्यू नावाची कमांड. "आधी जुनी, मग नवी. उलटं लिहिलंस तर कोरी डिस्क जुनीवर ओतली जाईल," असं त्याने चारदा बजावलं, मी सहादा तपासून एंटर मारलं. हे प्रकरण मात्र मला आवडलं, कारण ते आमच्या आंबे काढणाऱ्या गड्यासारखं वागतं. झेल्याला सहज लागतील ते आंबे आधी उतरवून घ्यायचे, शेंड्यावरच्या हट्टी फळांसाठी मागाहून वर चढायचं. शिवाय कुठवर आलो याचा नकाशा लिहून ठेवतं. तीन दिवसांत पाच वेळा लाइट गेली आणि पाचही वेळा ते होतं तिथून पुढे सुरू झालं. कोकणात कुणीतरी राहून लिहिलं असावं.

शेवटी सगळी डिस्क उतरली, राहिले ते चाळीस एमबी. त्यात बरोब्बर हिशेबाची फाइल.

कॉपीवर चेकडिस्क चालवलं तेव्हा ‘फाउंड’ नावाचं एक फोल्डर उगवलं. आत बेवारशी फायली, नावांऐवजी नुसते नंबर. भाच्याच्या सांगण्यावरून एकीचं शेपूट बदलून जेपीजी केलं. फोटो उघडला : साठीशांतीची पंगत, वरचा अर्धा भाग ठीक, खाली सगळं राखाडी. केळीची पानं गायब, माणसं गळ्यापर्यंत.

आईने चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावलं.

"हा टोपीवाला चिपळूणचा. गेल्या वर्षीच्या सहा पेट्या. याने नुसता अॅडव्हान्स दिलाय. आणि हा मागे तोंड लपवून बसलाय ना, हा तर दोन वर्षं फोनच उचलत नाही. लिहून घे."

मी कागद शोधायला उठलो.